स्युजेरचा ग्रंथ आणि पीथेचे नाव

गॉथिक वास्तुशैलीची मराठी वाचकाला पहिली ओळख होते ती मुंबईत. राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्याचे आराखडे काढणारा गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. टपालाने आलेल्या या गॉथिकमुळे टोकदार कमान म्हणजे साहेबी थाट, असा एक समज आपल्या मनात घर करून बसला आहे. युरोपात एखादे जुने कॅथीड्रल पाहावयास जाणारा आपला प्रवासी हा समज बरोबर घेऊन जातो, आणि बहुधा उंचीने व रंगीत काचांनी दिपून परत येतो. त्याने मुंबईऐवजी गढ्याची आठवण बरोबर नेली, तर त्याला काही निराळेच दिसण्याचा संभव आहे.

जबलपूरलगतचे गढा मराठी इतिहासाला अपरिचित नाही. गोंड राजांची ही जुनी राजधानी. गढा-मंडल्याचे हे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आले, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले. परंतु गोंडांच्याही आधी या भूमीवर कलचुरींची सत्ता होती. गढ्याहून पश्चिमेस जाताना तेवर लागते. तीच त्यांची त्रिपुरी. त्याच वाटेने पुढे नर्मदाकाठी भेडाघाट आहे. तेथे टेकडीवर योगिनींच्या वर्तुळाकार प्राकारात गौरीशंकराचे मंदिर उभे आहे.

या भेडाघाटी इ. स. ११५५ मध्ये, म्हणजे कलचुरि संवत् ९०७ मध्ये, गयाकर्ण राजाची विधवा राणी अल्हणदेवी हिने वैद्यनाथ नावाने शिवालय बांधविले. गौरीशंकराचे मंदिर ते हेच, अशी समजूत आहे. शिवालयाबरोबर तिने मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने करविली, दोन गावे तोडून दिली आणि सारी व्यवस्था लाट देशीय रुद्रराशी नामक पाशुपत तपस्व्याच्या हाती सोपविली. हे सर्व एका शिलालेखावरून कळते.

नेमक्या याच सुमारास पॅरिसच्या उत्तरेस सँ दनीच्या मठात एक बांधकाम चालले होते. स्युजेर हा ११२२ पासून या मठाचा अधिपती होता. मठाच्या जुन्या मंदिराचा पश्चिम दर्शनी भाग त्याने नव्याने उभारला. त्याचे संस्कार ११४० मध्ये झाले. पूर्वेकडील गर्भभागाचे संस्कार ११ जून ११४४ रोजी सातव्या लुई राजाच्या उपस्थितीत झाले. टोकदार कमानी, फासळ्यांचे छत आणि भिंतींच्या जागी आलेल्या काचा यांचा मेळ येथे प्रथम पूर्णतेने साधला, म्हणून गॉथिकचा आरंभ येथून मोजण्याची प्रथा पडली. हे मठमंदिर १९६६ पासून कॅथीड्रल म्हणून गणले जाते. ‘गॉथिक’ हे नाव मात्र पुष्कळ नंतरचे आणि मुळात निंदाव्यंजक. इटालियनांनी ते रानटी गॉथांच्या नावावरून दिले.

स्युजेरचे वैशिष्ट्य असे की, त्याने बांधले तसे लिहिलेही. पानोफस्कीने १९४६ मध्ये संपादित केलेले त्याचे लॅटिन लेखन वाचताना मंदिराच्या जमाखर्चाच्या वहीत एखादी आख्यायिका शिरावी तसे वाटते. छपरासाठी मोठ्या तुळया हव्या होत्या. एवढ्या लांबीचे लाकूड या भागात मिळणे नाही, असे सुतारांनी सांगितले. वनरक्षक तर हसलेच. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मठाधिपतीच्या मनात आले की आपण स्वतःच जावे. पहाटे तो सुतारांना आणि तुळयांच्या मापांना घेऊन इव्हलीनच्या अरण्यात शिरला. काटेरी झुडपांतून मार्ग काढीत त्याने बारा वृक्ष शोधले. हवे होते बाराच! सोन्याच्या क्रुसासाठी लोरेनहून सोनार आले. कधी पाच, कधी सात जण जवळजवळ दोन वर्षे खपले, हेही तो सांगतो. स्वतःचे नाव त्याने मंदिरात ठायी ठायी कोरविले. एका काचचित्रात तो मेरीच्या पायांशी लोटांगण घालताना दिसतो.

परंतु इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या या ग्रंथकाराने आपल्या स्थपतीचे नाव एकदाही घेतलेले नाही. पश्चिमेचा आणि पूर्वेचा भाग दोन भिन्न हातांचे असावेत, असे अभ्यासक रचनेवरून अनुमान करतात. ते हात कोणाचे, याविषयी स्युजेर मुका आहे.

आता भेडाघाटचा लेख पाहावा. येथे राणी स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने बोलतो शशिधर हा कवी, आणि तोही वंशप्रशस्तीच्या ठरीव साच्यात. त्या साच्यातून अल्हणदेवी ही व्यक्ती आपल्या हाती लागत नाही. स्युजेरची रानातली पहाट जशी डोळ्यांपुढे उभी राहते, तसे येथे काहीच घडत नाही. तथापि लेखाच्या अखेरीस कवी स्वतःच्या पित्याचे गुण गातो (कवींना असे स्थळ सापडले की ते सोडीत नाहीत), लेख लिहिणाऱ्या पृथ्वीधराचे नाव देतो, कोरणाऱ्या महीधराचे देतो, आणि विश्वकर्म्याचे शास्त्र जाणणाऱ्या सूत्रधाराचेही देतो. त्याचे नाव पीथे.

पूर्वेची कला अनामिक आणि पश्चिमेची व्यक्तिनिष्ठ, असे एक सूत्र आपल्या समीक्षेत सर्रास वापरले जाते. या दोन वास्तूंपुढे ते टिकत नाही. त्याला नुसते उलटे करूनही भागत नाही, कारण आपल्याकडील बहुसंख्य मंदिरांचे सूत्रधार अज्ञातच आहेत, आणि पुढे १२८८ मध्ये आमियांच्या कॅथीड्रलच्या फरसबंदीत तीन स्थपतींची नावे आदराने कोरली गेली. नाव राहणे वा न राहणे हे संस्कृतीच्या स्वभावापेक्षा लेखनाच्या प्रकारावर अवलंबून असावे. आत्मनिवेदनात ‘मी’ इतका ऐसपैस बसतो की स्थपतीला जागाच उरत नाही. प्रशस्तीत, ती कितीही साचेबंद असली तरी, अखेरच्या श्लोकांत कारागिरांना मान देण्याचा शिरस्ता आहे. ज्याला आपण निर्जीव संकेत म्हणून नाके मुरडतो, त्या संकेतानेच पीथेला तारले आहे.

या शिलालेखाचे पुढे जे झाले तेही नमूद करण्यासारखे आहे. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने तो प्रसिद्ध केला. ती शिळा समुद्र ओलांडून न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली. नंतर कीलहॉर्नने आणि १९५५ मध्ये आपल्या वासुदेव विष्णु मिराशींनी कलचुरि लेखांच्या संग्रहात त्याचे संपादन केले. सँ दनीत शिरणाऱ्याला स्युजेर आजही काचेत दिसतो. भेडाघाटच्या पायऱ्या चढून गेलेल्याला पीथे भेटावयाचा असेल, तर मिराशींचा ग्रंथ उघडावा लागतो.