फलक दर्शनी भागात, धूर मागच्या जिन्यावर : रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे धूम्रपान आणि कायदा

कुठल्याही रुग्णालयाच्या दारात 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र' असा फलक असतोच. पण जरा मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीजवळ किंवा कँटीनच्या भिंतीआड चक्कर मारली की विडी-सिगारेटच्या थोटकांचा सडा दिसतो. ओढणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक असतातच, पण रोज ठरावीक वेळेला तिथे दिसणारे चेहरे कर्मचाऱ्यांचे असतात. वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचे चालक आणि कधीमधी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एखादा शिकाऊ डॉक्टरसुद्धा.

माझ्या मामांना दम्याच्या त्रासामुळे सीमाभागातल्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. रात्रपाळीत नेब्युलायझर लावायला आलेल्या माणसाच्या कपड्यांना विडीचा इतका वास होता की मामांनी तोंडच फिरवलं. तक्रार कुणाकडे करायची म्हणून खाली येऊन फलक वाचला. फलक चकचकीत होता, पण तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची जागा कोरी. तिथूनच हा कायदा नीट वाचून काढायचा असं ठरवलं.

कायदा काय सांगतो

२ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घातली. त्या यादीत रुग्णालये आणि आरोग्य संस्था होत्या. पुढे २००३ मध्ये केंद्राचा सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायदा आला. सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान हा गुन्हा आहे. आज लागू असलेले सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासूनचे. गोव्याने तर त्याआधीच, १९९७ मध्ये, धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता.

कर्मचाऱ्यांची नेहमीची सबब अशी : "आम्ही वॉर्डात कुठं ओढतोय, बाहेर मोकळ्यात ओढतोय की." ही सबब अगदीच हवेतली नाही. मूळ कायद्यातल्या सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत 'रुग्णालयाच्या इमारती' असे शब्द आहेत आणि मोकळी जागा त्या व्याख्येतून वगळली आहे. पण नियमांनी ती फट बुजवली आहे. खुले प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा अशा, लोकांची ये-जा असलेल्या जागा 'मोकळी जागा' धरायच्या नाहीत, असं नियमांत म्हटलं आहे. शिवाय कामाचं ठिकाण हेसुद्धा सार्वजनिक ठिकाणच. त्यामुळे ओपीडीकडे जाणारी वाट, पार्किंग किंवा मागचा जिना इथे सूट आहे असं कुणी सांगितलं, तर ते मान्य करायचं कारण नाही.

वेगळी धूम्रपान खोली हवी, अशीही मागणी अधूनमधून होते. नियमांनुसार अशी खोली विमानतळ, ३० किंवा त्याहून जास्त खोल्यांचं हॉटेल आणि ३० किंवा त्याहून जास्त आसनांचं रेस्टॉरंट एवढ्यांनाच ठेवता येते. रुग्णालय त्यात नाही. ई-सिगारेटचा तर प्रश्नच नाही, तिच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

जबाबदारी कुणाची

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, ओढणाऱ्याने दंड भरला की विषय संपला. नियम तसे नाहीत. जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी अधिकारी यानेच तिथे धूम्रपान होणार नाही हे पाहायचं आहे. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर अशा वस्तू तिथे ठेवायच्या नाहीत. प्रवेशद्वारापाशी किमान ६० सेंमी बाय ३० सेंमीचा फलक हवा आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नावही ठळक लावलेलं हवं. त्या व्यक्तीने तक्रारीकडे काणाडोळा केला, तर जितके गुन्हे झाले तितक्यांचा दंड तिलाच लागू होतो. म्हणजे कोरी जागा ही नुसती हलगर्जी नव्हे, तो नियमभंग आहे.

आता दंडाचा हिशेब. केंद्राच्या कायद्यात कमाल २०० रुपये. मी कॉमर्सवाला, म्हणून आकड्याकडे आधी लक्ष जातं. २००३ मध्ये २०० रुपये खिशाला लागत होते. आज तेवढ्यात चांगल्या ब्रँडचं एक पाकीट जेमतेम येतं. कर्नाटकाने दुरुस्ती करून २०२५ मध्ये हा दंड १००० रुपयांपर्यंत नेला. त्याच दुरुस्तीत तंबाखू विकत घेण्याचं किमान वय १८ वरून २१ केलं आणि सुटी सिगारेट विकायलाही मनाई केली. चंदगडहून बेळगावला उपचारासाठी येणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. एकाच गुन्ह्याला सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पाचपट फरक आहे.

टपरीचं काय? केंद्राच्या कायद्यात १०० यार्डांची विक्रीबंदी शैक्षणिक संस्थांभोवती आहे, रुग्णालयांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पण रुग्णालयाला वैद्यकीय किंवा नर्सिंग महाविद्यालय जोडलेलं असेल, तर ते शैक्षणिक संस्थाच ठरतं. फाटकासमोरची टपरी तिथे बसते कशी, हा प्रश्न मग विचारता येतो.

ते ओढतात का

नुसतं शिव्या देऊन भागत नाही. बारा-बारा तासांची पाळी, कंत्राटी नोकरी, बसायला खोली नाही. अशा माणसाला विडी ओढायला बाहेर जाणं हीच काय ती सुट्टी. त्यात रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून पाळीत चार-पाच वेळा तलफ येतेच. शिवाय आपला भाग तंबाखूचाच. निपाणीच्या तंबाखूवर आणि विडी वळण्यावर इथली घरं चालली, १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलनही तंबाखूच्या भावासाठीच झालं. घरात विडीचं पान कातरलेलं पाहत मोठा झालेला माणूस रुग्णालयात कामाला लागला म्हणून बदलत नाही.

तरीही रुग्णालयात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, धूर कपड्यांना, केसांना चिकटून वॉर्डात येतो. दमेकऱ्याला तेवढंही पुरतं. दुसरी ऑक्सिजनची. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात एरवी धुमसणारी वस्तू भडकते. सिलिंडरच्या खोलीमागे ओढणाऱ्याला हे सांगावं लागतं, ही खरी चिंता.

आणि तंबाखू चघळणारे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, महाराष्ट्रात २६.६, कर्नाटकात २२.८ आणि गोव्यात ९.७ टक्के. यात धूर काढणाऱ्यांपेक्षा मळून खाणारेच जास्त. जिन्याचे कोपरे ते सांगतातच.

सोडायची इच्छा असलेल्यांसाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बंगळुरूचं निम्हान्स या दोन्ही संस्था या सेवेत आहेत. रुग्णालयांनी धूम्रपानबंदीच्या फलकाखाली हा नंबर रंगवायला फारसा खर्च नाही.

तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष आहे, तो जिल्हा आरोग्य कार्यालयातच बसतो. दंड भरला तर पावती मागा.

मामांच्या वेळी मी असाच एक अर्ज दिला होता. महिन्याने गेलो तेव्हा कोऱ्या जागेत नाव आलं होतं, खाली फोन नंबरही. रात्री नऊला लावून पाहिला. बराच वेळ वाजत राहिला.