कौलावरचा शिक्का
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात किंवा गोव्यात एखादे जुने घर उतरवायला काढले, की अंगणात मंगलोरी कौलांची चळत लागते. त्यातले एखादे हातात घेऊन धूळ पुसून पाहा. कौल जुने असेल, तर त्यावर इंग्रजी ठसा सापडण्याचा संभव आहे : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. आमच्या आज्यांना नळीची कौले दर पावसाळ्याआधी शाकारावी लागत. एकमेकांत अडकणारे हे नवे कौल आले आणि तो व्याप पुष्कळच कमी झाला. पण मिशन आणि कौले यांचा संबंध काय, असे कोणी फारसे विचारले नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातील या मिशनची माणसे १८३४ मध्ये मंगळूरला उतरली. पुढे धारवाड-हुबळीकडे आणि मलबारातही त्यांचे काम पसरले. मंगळूर भागात ख्रिस्ती झालेल्यांत बिल्लव समाजाचे लोक पुष्कळ होते. माडाची ताडी काढणे हा त्यांचा एक मुख्य धंदा. आणि ताडीचा धंदा तर चर्चला मुळीच मान्य नव्हता. शिवाय ते दुसऱ्याच्या जमिनी कसणारे. धर्म बदलला की जमीनमालक कूळ काढून टाकी, भाऊबंद पाठ फिरवीत. म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा प्रश्न अगदी साधा होता : उद्या चूल कशी पेटायची? आणि त्याची निम्मी जबाबदारी खुद्द चर्चवरच होती. हे त्या पाद्र्यांनी ओळखले, ही त्यांची मोठी गोष्ट.

उपाय मात्र चटकन सापडला नाही. शेती करून पाहिली, घड्याळे बनवून पाहिली, जमले नाही. छापखाना आणि विणकाम टिकले. १८५१ मध्ये हालर नावाचा विणकर युरोपातून आला आणि मंगळूरचे माग चांगले चालू लागले. मग १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यांनी जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकण माती, ती मळायला बैल, आणि मूठभर माणसे, एवढ्यावर सुरुवात. पाहता पाहता कुद्रोळी, मलपे, कोझिकोड अशी कारखान्यांची ओळच उभी राहिली आणि गलबतांतून कौले मुंबईपर्यंत जाऊ लागली.

कारखान्यात दिवसाचे काम प्रार्थनेने सुरू होई. रविवारी भट्टीच्या कामाला सुट्टी आणि चर्चला हजेरी. यात एक पेच होता. पगार देणारा आणि पापाची कबुली ऐकणारा एकाच घरचा. दारू पिऊन गोंधळ घातला तर मंडळीतून नाव जाण्याची भीती, आणि त्यामागोमाग नोकरीची काळजी. माणूस प्रार्थनेला श्रद्धेने आला की मजुरीसाठी, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते की नाही, कोण जाणे! खुद्द मिशनमध्ये यावर वाद होत. धर्मप्रचारकांनी नफ्यातोट्याच्या वह्या सांभाळाव्यात का, असे विचारणारे होते. आणि १८५९ मध्ये बासेलला व्यापारासाठी वेगळी कंपनी काढावी लागली ती काही उगीच नाही.

नेतृत्व एतद्देशीयांकडे द्यायचा मार्ग तसा लवकर उघडला होता. मंगळूरचे सारस्वत तरुण आनंदराव कौंडिण्य १८४४ मध्ये ख्रिस्ती झाले, बासेलला शिकले आणि १८५१ मध्ये दीक्षा घेऊन गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीने कामाला लागले. पण त्यांच्यासारखे थोडे. मोठे निर्णय बासेलहूनच येत राहिले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. संस्था तटस्थ देशाची, पण माणसे बरीचशी जर्मन. एका रात्रीत पाद्री 'शत्रू' ठरले. लढण्याच्या वयाच्या जर्मनांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत डांबले. पुढे 'गोलकोंडा' बोटीने अनेकांची मायदेशी रवानगी झाली. व्यासपीठ रिकामे, कचेरी रिकामी.

तेव्हा चर्च कोणी चालवले? देशी पाळकांनी, शाळामास्तरांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी. ज्यांना वर्षानुवर्षे 'अजून तयारी नाही' म्हणून मागे ठेवले होते, त्यांनीच उपासना, लग्ने, बाप्तिस्मे, दफने पार पाडली. मलबारच्या मंडळ्या १९१९ मध्ये दक्षिण भारतातील संयुक्त चर्चला जाऊन मिळाल्या. तयारी नव्हती ती संधीची, असे म्हणायला हरकत नाही.

कारखान्यांची गोष्ट वेगळी झाली. ते शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेले आणि १९१९ मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे आले. व्यवहार कागदोपत्री चोख होता. फायदा परोपकाराला लावण्याचीही बोली होती. पण ज्याच्या आज्याने ताडीची कोयती टाकून जेप्पूची माती तुडवली, त्याचे नाव त्या कागदांत कोठेच नव्हते. चर्च त्याच्या हाती आले, भट्टी आली नाही. सोमवारी सकाळी भोंगा वाजला, तेव्हा तो नेहमीप्रमाणे कामावर गेला.