साँगमेकर्स अल्मनॅक: पियानोच्या बाकावरून

लंडनमध्ये १९७६ साली ‘साँगमेकर्स अल्मनॅक’ ही गानमंडळी उभी राहिली, ती एका पियानो-साथीदाराच्या पुढाकाराने. हे साथीदार, ग्रॅहम जॉन्सन, तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. जन्म बुलावायोचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतला. शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, पुढे जेराल्ड मूर आणि जेफ्री पार्सन्स या दोन दिग्गज साथीदारांकडे. १९७२ मध्ये गायक पीटर पिअर्स यांनी इंग्लंडमधल्या स्नेपला गायकांसाठी पहिले वर्ग घेतले, तेव्हा पियानोवर जॉन्सनच होते.

मंडळीत सुरुवातीला चार गळे होते: फेलिसिटी लॉट, अ‍ॅन मरे, अँथनी रॉल्फ जॉन्सन आणि रिचर्ड जॅक्सन. एकट्या गायकाने सबंध मैफल पेलायची, हा गीतगायनाचा रूढ रिवाज. इथे चौघे वाटून गात, मधूनमधून वाचनही होई, आणि साऱ्या संध्याकाळला विषयाचा एक धागा असे. कार्यक्रमाची बांधणी ग्रॅहम जॉन्सन यांची. एका विषयाची दहा गाणी शोधणे फारसे अवघड नसते. पण ती एकापाठोपाठ कानाला बरी वाटायला हवीत, गायकाला दम घ्यायला उसंत मिळायला हवी आणि श्रोत्याला आपण शाळेत बसलोय असे वाटता कामा नये. खरी कसोटी तिथेच लागते.

हे साथीदारालाच का सुचले, ते लीड हा जर्मन गीतप्रकार पाहिला की कळते. आपल्या मैफलीत पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. लीडमध्ये पियानोचा सूर न् सूर संगीतकाराने लिहिलेला असतो, आणि कवितेतला अर्धा मजकूर तोच सांगतो. संगीतकार श्यूबर्टने सतराव्या वर्षी, १८१४ मध्ये, कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या, चरख्यावर बसलेल्या ग्रेटशेनचे गाणे लिहिले. त्यात पियानोवादकाचा उजवा हात चरखा फिरवत राहतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चरखा थांबतो. मग एकदा अडखळतो, पुन्हा अडखळतो, आणि हळूहळू गती घेतो. गायिका त्या वेळी गप्प असते. जो माणूस रोज हे वाजवतो, त्याला कविता वाचल्यावाचून गत्यंतर नसते.

मंडळीतली विषय धरून गाणी गुंफण्याची रीत पुढे तबकड्यांवर गेली. हायपिरियन या ध्वनिमुद्रण कंपनीचे संस्थापक टेड पेरी यांनी श्यूबर्टची सारी गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम जॉन्सन यांच्यावर सोपवले. १९८७ मध्ये गायिका जॅनेट बेकर यांच्यापासून सुरुवात झाली आणि ३७ तबकड्या पुऱ्या व्हायला सहस्रक उलटायची वेळ आली. बहुतेक तबकड्यांचा गायक वेगळा, आणि कितींचा तरी विषयही: कुठे रात्र, कुठे रंगभूमी, कुठे मृत्यू. काही ठिकाणी विषय ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, हेही खरे. पण ‘डी श्योने म्युलरिन’ या गीतमालेच्या तबकडीत तरुण इयन बॉस्ट्रिज गातात आणि श्यूबर्टने वगळलेल्या, कवी म्युलरच्या कविता डीट्रिख फिशर-डिस्काउ वाचतात. गाण्यातून निवृत्त झालेल्या त्या थोर गायकाला वाचनासाठी बोलावणे, ही अस्सल अल्मनॅकची चाल. १९९६ मध्ये त्या तबकडीला ग्रामोफोन पुरस्कार मिळाला.

प्रत्येक तबकडीसोबतची टिपणेही जॉन्सन यांनीच लिहिली, आणि ती पुस्तिकेच्या मानाने भलतीच लांबत गेली. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये ते पियानो-साथीचे वरिष्ठ प्राध्यापक. शिकवण्याची सवय लेखणीलाही लागली असावी. त्या टिपणांच्या पायावर २०१४ मध्ये येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने श्यूबर्टच्या सर्व गीतांवरचा त्यांचा त्रिखंडी कोश काढला. सातशेच्या वर गाण्यांवर भाष्य आहे, आणि सव्वाशेच्या आसपास कवींची चरित्रे. माझ्या मते खरा ऐवज ही चरित्रेच. त्यांत योहान मायरहोफर आहे: श्यूबर्टचा मित्र, काही काळ एकाच खोलीत राहिलेला, पोटासाठी सरकारी सेन्सॉरची नोकरी करणारा कवी, ज्याने १८३६ मध्ये इमारतीवरून उडी टाकून जीव दिला. श्यूबर्टने त्याच्या चाळीसहून अधिक कवितांना चाली लावल्या नसत्या, तर व्हिएन्नाबाहेर त्याचे नाव कोणी घेतले नसते. गायकांच्या अभ्यासिकेत आता हे तीन खंड दिसतात. ते मांडीवर घेऊन वाचण्याजोगे नाहीत, टेबलच लागते.