चार सेंटिमीटरची बांगडी

भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बालरोगशास्त्रात एक अगदी घरगुती चाचणी शिकवतात. आतला व्यास चार सेंटिमीटर भरेल अशी बांगडी घ्यायची आणि वर्षाच्या पुढच्या मुलाच्या हातात चढवायची. ती कोपर ओलांडून दंडावर सरकली, तर मूल गंभीर कुपोषित समजायचे. कासाराच्या मापात ही बांगडी एक-आठ आणि एक-दहा यांच्या मधली. तिचा घेर काढला तर साडेबारा सेंटिमीटरच्या किंचित वर येतो. हा साडेबाराचा आकडा पुढेही भेटणार आहे.

पण दंडच का? बाळाचा दंड पहिल्या वर्षात भराभर भरतो, सोळा सेंटिमीटरच्या आसपास पोचतो आणि मग पाचव्या वर्षापर्यंत जवळपास तिथेच राहतो. बाळसे उतरते, त्या जागी स्नायू येतात, घेर मात्र तेवढाच. त्यामुळे मूल दीड वर्षाचे असो की चार वर्षांचे, एकच माप चालते. जन्मतारीख विचारल्यावर ‘लावणी चालू होती तेव्हाचा’ असे उत्तर जिथे मिळते, तिथे ही केवढी सोय! वजनकाटा नको, तक्ता नको, वयाचा हिशेब नको.

ही सोय हाती यायला मात्र अर्धे शतक गेले. भुकेल्या मुलांसाठी धावून जाणाऱ्या संस्थांपुढे अन्नाइतकाच दुसरा एक पेच कायम असतो. रांग मोठी आणि पातेले लहान, मग आधी कोणाला वाढायचे?

पहिल्या महायुद्धानंतर हा पेच व्हिएन्नात उभा राहिला. उपाशी ऑस्ट्रियन मुलाचे छायाचित्र असलेली पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात वाटली म्हणून 1919 मध्ये एग्लंटाइन जेब यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी बहिणीसोबत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची स्थापना केली. इकडे व्हिएन्नात हर्बर्ट हूवर यांच्या अमेरिकन मदत संस्थेने मुलांच्या जेवणाची जबाबदारी बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स पिर्के यांच्यावर सोपवली. ‘ॲलर्जी’ हा शब्द जगाला देणारे ते हेच. मूल निवडायला पिर्केंनी एक सूत्र बसवले. बसलेल्या मुलाची उंची मोजायची, वजन घ्यायचे, दहापट वजनाचे घनमूळ काढून त्याला त्या उंचीने भागायचे. येणाऱ्या आकड्याचे नाव ‘पेलिडिसी’. आकडा कमी आला की जेवण मिळणार. सूत्र हुशारीचे होते, यात शंका नाही. पण उपाशी पोराच्या पानात काय पडणार हे घनमुळावर ठरणार असेल, तर ते ठरवायला माणूसही तसाच शिकलेला लागतो. व्हिएन्नात अशी माणसे होती.

नायजेरियात 1967 ते 1970 या यादवीच्या काळात ती नव्हती. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राची नाकेबंदी झाली, पोट फुगलेल्या, केस पिंगट झालेल्या मुलांची छायाचित्रे 1968 मध्ये जगभर छापून आली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांपैकी काहींनी पुढे 1971 मध्ये ‘मेदसॅं सां फ्रॉंतिएर’ ही वैद्यकीय मदत संस्था उभी केली. क्वेकर पंथाच्या सेवापथकाने मात्र एक काठी शोधून काढली. काठीवर उंचीच्या जागी दंडाच्या घेराचे आकडे लिहिलेले. आधी मुलाचा दंड मोजायचा, मग त्याला काठीला टेकून उभे करायचे. आपल्या दंडाच्या आकड्यापेक्षा मूल उंच भरले, की दंड उंचीच्या मानाने रोड आहे असे समजायचे. वजाबाकीसुद्धा करावी लागत नाही. ‘क्वॅक स्टिक’ नावाने ती ओळखली गेली.

ती खरे बोलते का, हे पुढे बांगलादेशातल्या मतलब भागात तपासले गेले. आठ हजारांवर मुले या काठीने मोजली आणि त्यांच्यावर 18 महिने लक्ष ठेवले. काठीने ज्यांना सर्वांत रोड ठरवले होते, त्यांच्यात मृत्यूही सर्वाधिक निघाले.

काठीची पट्टी झाली ती बगदादमध्ये. तिथले बालरोगतज्ज्ञ अदनान शाकिर आणि ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड मॉर्ली यांनी 1974 मध्ये तीन रंगांची पट्टी मांडली. साडेबाराच्या आत लाल, साडेतेरापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे बांगडीच, फक्त रंगवलेली. मॉर्लींनी नायजेरियातल्या खेड्यात काम करताना मुलांच्या वाढीचा तक्ता घडवला होता आणि स्वस्त शिक्षणसाधने पुरवणारी ‘टाल्क’ ही धर्मादाय संस्था काढली होती. जुन्या एक्स-रे फिल्मची कात्रणे कापूनही अशा पट्ट्या करता येत. आकडे वाचता आले नाहीत तरी रंग कळतोच.

अक्षर-अंकांची ही अट काढून टाकण्याचा ध्यास महाराष्ट्रातही दिसतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी दाईच्या हाती मण्यांची पाटी दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, सोबत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. साधन वेगळे, आजार वेगळा, विचार तोच.

मोजून सापडलेल्या मुलाचे करायचे काय, हा प्रश्न बरीच वर्षे अडून राहिला. औषधी दूध पाण्यात कालवावे लागे. पाणी खराब असेल तर दूधही खराब, म्हणून आई आणि मूल दोघांचा मुक्काम दवाखान्यात आणि घरची बाकीची पोरे वाऱ्यावर. 1996 मध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांची लापशीइतकी मऊ पेस्ट तयार केली. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी, पाणी लागत नाही. घरी उपचार शक्य झाले आणि पट्टीचे महत्त्व एकदम वाढले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने लाल रेघ साडेअकरावर ठरवली, मरणाचा धोका जिथे चढतो ते पाहून. शाकिर यांच्या पट्टीवर लाल ठरलेले बारा सेंटिमीटरचे मूल आज पिवळ्यात पडते. मूल तेवढेच रोड, पट्टीला विचारलेला प्रश्न बदलला.

पट्टीची मर्यादाही सांगायला हवी. उंचीच्या मानाने वजन पाहिले तर जी मुले सापडतात, त्यांतली बरीच दंडाच्या मापात सुटतात. उलटही होते. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 10.9 टक्के मुले तीव्र खंगलेली आढळली, ती वजन-उंचीच्या मापाने. त्यामुळे नुसत्या पट्टीवर विसंबून गावात कुपोषण नाही असे जाहीर करणे ही फसवणूक ठरेल.

नायजरमध्ये मिरिया भागात ‘अलिमा’ या संस्थेने शेवटची पायरीही उतरून पाहिली आणि पट्टी थेट आयांच्या हाती दिली. 103 मुलांना आईने मोजले, आरोग्य कार्यकर्त्यांनीही मोजले, आणि आयांना हे काम जमते असा निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे ही पट्टी अंगणवाडीताईकडे असते. डावा हात सैल सोडायचा, खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा मध्य धरायचा, पट्टी फटीतून ओवून दंडाला टेकेल एवढीच ओढायची, आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांचे मूल घरात असेल, तर पुढच्या वेळी ताईंकडून मोजणे शिकून घ्या. साडेबाराच्या आत आकडा आला, तर त्याच दिवशी वजन-उंचीही करून घ्या.