‘गीतमाले’तील श्रोत्यांचा कौल

१९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे सरकारी केंद्रांवरून सिनेगीते हटली. जालन्यासारख्या गावांतही रेडिओचा काटा मग सिलोनकडे वळू लागला. त्याच डिसेंबरात तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे गाण्यांचा क्रम लावताना तबकड्यांच्या खपाचे आकडे धरण्यात येऊ लागले. यात एक मेख होती. गाणे फार आवडले, की दुकानातील तबकडी संपे, खप थांबे आणि लाडके गाणेच खाली घसरे! शिवाय तबकडी घेण्याची ऐपत कितीजणांस होती? श्रोतासंघांचा कौलही म्हणूनच मोजला जाई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढून सरकारनेही सिनेगीतांस पुन्हा दार उघडले.