प्रोटामाइन आणि पुरुषवंध्यत्व : एका शोधाचा इतिहास

अपत्यहीनतेचा दोष दीर्घकाळ बहुधा स्त्रीच्याच माथी मारला गेला. डेल्फ्ट येथील लेव्हेनहुक याने १६७७ मध्ये मानवी शुक्रजंतू सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांचे वर्णन केले. कालांतराने शुक्रजंतूंची संख्या, चलनवलन व आकार ही पुरुषाच्या जननक्षमतेची मापे ठरली. तथापि ही मापे समाधानकारक असूनही अपत्य न होणारे पुरुष आढळत. या कोड्याचा एक धागा सूक्ष्मदर्शकास न दिसणाऱ्या प्रथिनांत होता.

तो धागा प्रथम हाती आला तो वंध्यत्वाच्या संशोधनात नव्हे. बाझेल येथे फ्रीड्रिख मीशर राइन नदीतील सामन माशांच्या शुक्रजंतूंचे रासायनिक पृथक्करण करीत होता. केंद्रकातील अम्लधर्मी द्रव्याशी संलग्न असलेला एक अल्कधर्मी पदार्थ त्यास आढळला. १८७४ मध्ये त्याने त्यास ‘प्रोटामाइन’ हे नाव दिले. पुढे आल्ब्रेख्ट कोसेल याने हे प्रथिनच असून त्यात आर्जिनिनाचे प्राचुर्य असल्याचे दाखविले. प्रथिने व केंद्रकद्रव्ये यांवरील कार्याबद्दल कोसेलला १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या आर्जिनिनाचे प्रयोजन पुढे उलगडले. शुक्रजंतू परिपक्व होताना केंद्रकातील बहुतेक हिस्टोन प्रथिने दूर होऊन त्यांची जागा प्रोटामाइने घेतात. त्यांचा धन विद्युत्‌भार डीएनएच्या ऋण भारास बांधून ठेवतो व आनुवंशिक द्रव्य अत्यंत घट्ट गुंडाळले जाते. मानवात प्रोटामाइनाचे दोन प्रकार असून जननक्षम पुरुषांत त्यांचे प्रमाण साधारणतः समसमान असते. काही वंध्य पुरुषांत हे प्रमाण बिघडलेले असते, असे बालहॉर्न व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले.

परंतु सहचार म्हणजे कारण नव्हे. यांपैकी कोणत्याही प्रोटामाइनाच्या जनुकाची एक प्रत निकामी झाली तरी उंदरांत वंध्यत्व येते, असा निष्कर्ष २००१ मध्ये निघाला. २०१६ मध्ये मात्र दुसऱ्या प्रोटामाइनाची एकच प्रत उरलेले नर जननक्षम आढळले. दोन्ही प्रती गेल्यावरच ते वंध्य झाले. म्हणून प्रमाणातील बिघाड हे वंध्यत्वाचे मूळ कारण की शुक्रजंतूच्या घडणीतील अन्य दोषाचे चिन्ह, हे प्रत्येक प्रसंगी तपासावे लागते. एका मापावरून स्त्रीस निर्दोष वा पुरुषास दोषी ठरविणे, हा जुन्या अन्यायाचाच नवा अवतार ठरेल.