भर युद्धांतील निवडणूक

लोकशाही राष्ट्र युद्धांत गुंतलें असतां त्यानें निवडणूक घ्यावी कीं पुढें ढकलावी, या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडनें दोन्ही महायुद्धांत एकच दिलें. १९१० सालीं निवडलेलें पार्लमेंट १९१८ पर्यंत आणि १९३५ सालीं निवडलेलें १९४५ पर्यंत चालविण्यांत आलें. पार्लमेंट सार्वभौम असल्यामुळें स्वतःचें आयुष्य वाढवून घेण्यास त्याला एक साधा कायदा पुरतो. अमेरिकेच्या घटनेंत ही सोय नाहीं. तेथें अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, आणि चौथें वर्ष उजाडलें कीं सुकाळ असो वा दुष्काळ, शांतता असो वा रणकंदन, निवडणूक व्हावयाचीच. त्यामुळें युद्ध आणि तह यांसारखे जे प्रश्न इतरत्र मंत्र्यांच्या बंद दालनांत सुटतात, ते तेथें पुनःपुन्हा चव्हाट्यावर आले आहेत. १८१२ सालीं इंग्लंडशीं चाललेलें युद्ध, १९०० सालीं फिलिपाइन्स बेटें, १९१६ सालीं यूरोपांतील महायुद्ध, १९५२ सालीं कोरिया आणि १९६८ सालीं व्हिएतनाम हे त्या त्या निवडणुकींतील वादाचे विषय होते. परंतु खुद्द राष्ट्राचें अस्तित्व आणि चाळीस लाख गुलामांचें भवितव्य ज्या निवडणुकीच्या पारड्यांत पडलें, ती एकच, १८६४ सालची.

त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत उत्तरेकडील लोकांची मनःस्थिति काय होती याची कल्पना आज आपणांस सहजासहजीं येत नाहीं. कारण लिंकनचा पुतळा आपण आधीं पाहतों आणि त्याचें चरित्र मागाहून वाचतों. युद्धाला तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. मे महिन्यांत जनरल ग्रँटनें व्हर्जिनियांत जी मोहीम काढली, तींत सहा-सात आठवड्यांच्या अवधींत उत्तरेचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. आणि एवढें रक्त सांडूनही दक्षिणेची राजधानी रिचमंड हातीं आलीच नाहीं. पीटर्सबर्गच्या खंदकांपुढें सैन्य अडून राहिलें. तिकडे जॉर्जियांत शर्मन अटलांटापुढें खोळंबला होता. जुलैंत तर दक्षिणेचा सेनापति अर्ली वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत येऊन गेला. त्याच महिन्यांत लिंकननें आणखी पांच लाख माणसांची मागणी केली, आणि स्वेच्छेनें न मिळाल्यास तीं सक्तीच्या भरतीनें घेण्यांत येतील असें बजाविलें. निवडणूक चार महिन्यांच्या आंत आली असतां मतदारांपाशीं मतांच्या आधीं त्यांचीं मुलें मागणारा उमेदवार राजकारणांत विरळाच.

विरोधी डेमोक्रॅटिक पक्षांत या वेळीं दोन तट होते. एकाला युद्ध मान्य होतें, पण तें संघराज्य टिकविण्यापुरतेंच करावें, गुलामांच्या मुक्ततेशीं त्याचा संबंध जोडूं नये, असें त्याचें म्हणणें. दुसरा तट युद्धच थांबवा म्हणणारा. त्याला प्रतिपक्षानें 'कॉपरहेड' या विषारी सापाचें नांव चिकटवून दिलें होतें. त्याचा पुढारी ओहायोचा क्लेमंट व्हॅलँडिगहॅम. १८६३ च्या मे महिन्यांत युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल लष्करानें त्याला रात्रीं घरांतून पकडलें, लष्करी न्यायमंडळापुढें उभें केलें, आणि शेवटीं लिंकननें त्याची रवानगी शत्रूच्या मुलखांत केली. तेथून तो कॅनडांत गेला, आणि परदेशांत राहूनच त्यानें ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढविली व गमाविली. एका लेखाबद्दल मंडालेची वाट दाखविणारें राज्य ज्यांच्या आजोबांनीं पाहिलें, त्या वाचकांना हें प्रकरण वाचतांना सरकारचा पक्ष घेणें जड जाईल, आणि तें योग्यच आहे. व्हॅलँडिगहॅमचा कैवार चुकीच्या कार्याला होता, पण त्याची तक्रार खोटी नव्हती.

किंबहुना शांततावाद्यांच्या पुष्कळशा प्रश्नांना सरकारपाशीं सरळ उत्तर नव्हतें. हें युद्ध किती दिवस चालावयाचें? हेबिअस कॉर्पसचा हक्क गुंडाळून ठेवून माणसें तुरुंगांत कां घातलीं जातात? कैद्यांची अदलाबदल बंद पडून आमचीं मुलें दक्षिणेच्या छावण्यांत कुजत कां पडलीं आहेत? या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर होतें, पण तें मतें मिळवून देणारें नव्हतें. उत्तरेच्या सैन्यांतील कृष्णवर्णीय शिपायांना युद्धकैदी म्हणून गोऱ्यांच्या बरोबरीनें वागविण्यास दक्षिण तयार नव्हती, आणि ती तयार होईपर्यंत अदलाबदल करावयाची नाहीं, असें वॉशिंग्टनचें धोरण होतें.

वर्तमानपत्रांचें वर्तन मात्र कोणत्याही बाजूला भूषणावह नव्हतें. १८६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्यें गोऱ्या-काळ्यांच्या विवाहसंबंधांची स्तुति करणारें एक निनावी पुस्तक निघालें, आणि लिंकनच्या पक्षाचा खरा बेत हा, अशी आवई उठली. वस्तुतः तें 'वर्ल्ड' या डेमोक्रॅटिक पत्रांतील दोघांनींच, लिंकनच्या पक्षास अडचणींत आणण्यासाठीं लिहिलेलें होतें! पुढें मे १८६४ मध्यें त्याच 'वर्ल्ड'नें आणि आणखी एका पत्रानें अध्यक्षाच्या नांवाचा एक बनावट जाहीरनामा खरा समजून छापला, तेव्हां लिंकनच्या हुकुमानें दोन्ही पत्रें कांहीं दिवस बंद ठेवण्यांत आलीं. जाहीरनामा रचणारा मनुष्य निराळाच होता. सोन्याच्या बाजारांत चार पैसे करावे एवढाच त्याचा हेतु. म्हणजे जेथें लबाडी केली तेथें पत्र सुटलें, आणि जेथें तें फसलें तेथें त्याला शिक्षा झाली.

वादाला खरें तोंड फुटलें तें जुलैंत. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याला बातमी लागली कीं, नायगाऱ्याजवळ कॅनडाच्या हद्दींत दक्षिणेचे वकील तहाची बोलणी करण्यास आले आहेत. लिंकननें त्यालाच तिकडे पाठविलें, आणि १८ जुलैच्या पत्रांत आपल्या अटी लिहून दिल्या: संघराज्य अखंड राहिलें पाहिजे आणि गुलामगिरीचा त्याग झाला पाहिजे. वकिलांपाशीं तह करण्याचा अधिकारच नव्हता. परंतु त्यांनीं तें पत्र छापून प्रसिद्ध केलें, आणि डेमोक्रॅटांच्या हातीं आयतें शस्त्र आलें. दक्षिण संघराज्यांत परत येण्यास तयार असूनही केवळ काळ्यांच्या सुटकेसाठीं गोऱ्यांचा बळी दिला जात आहे, असा प्रचार सुरू झाला. दक्षिण तशी तयार मुळींच नव्हती. तिचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वातंत्र्याखेरीज दुसरी अट ऐकून घेत नव्हता. पण थकलेल्या माणसाला आशेची परीक्षा करण्याची हौस नसते.

यापुढचा ऑगस्ट महिना हा त्या निवडणुकीचा गाभा आहे, असें मला वाटतें. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत तो सहसा दोन ओळींत उरकतात, कारण त्यांत लिंकनचें चित्र जरा हलतें. स्वपक्षाचे लोक त्याला सांगूं लागले कीं, तुमची निवडणूक गेली. पक्षाच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चा संपादक हेन्री रेमंड यानें २२ तारखेस लिहिलें कीं, वारा सर्वत्र उलटा आहे. तेव्हां केवळ संघराज्याच्या अटीवर रिचमंडला तहाचें बोलणें लावून पाहावें. त्यापूर्वींच, १७ तारखेस, विस्कॉन्सिनमधील एका डेमोक्रॅटिक संपादकाला उत्तर म्हणून लिंकननें एक मसुदा केला होता. त्यांत मुक्ततेचें समर्थन करून शेवटीं त्यानें सुचविलें होतें कीं, गुलामगिरीचा उच्चार न करतां डेव्हिसनें संघराज्यांत परतण्याची तयारी दाखवून माझी परीक्षा तर पाहावी. दार किंचित् किलकिलें झालें होतें.

हा मसुदा त्यानें १९ तारखेस फ्रेडरिक डग्लसला दाखविला. डग्लस स्वतः गुलामगिरींत जन्मलेला, १८३८ सालीं पळून सुटलेला, आणि आतां आपल्या समाजाचा सर्वमान्य वक्ता. त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, हें पत्र पाठवूं नका. तुमच्या मनांत आहे त्याहून फार अधिक अर्थ लोक त्यांतून काढतील. पत्र गेलें नाहीं. त्याच भेटींत लिंकननें त्याला दुसरें एक काम सांगितलें. आपण हरलों तर १८६३ च्या मुक्ततेच्या घोषणेची पुढें काय अवस्था होईल याचा भरंवसा नाहीं. जे गुलाम तत्पूर्वीं आपल्या सैन्याच्या आसऱ्याला पोंचतील तेच निश्चित सुटतील. तेव्हां दक्षिणेंत माणसें पाठवून शक्य तितक्यांना बाहेर काढण्याची योजना करावी. डग्लसनें २९ तारखेस तशी योजना लिहून पाठविली. पराभव समोर दिसत असतां प्रचाराची नवी घोषणा न शोधतां, सत्तेच्या उरलेल्या दिवसांत किती माणसें सोडवितां येतील याचा हिशेब हा अध्यक्ष करीत होता. ज्यांच्याविषयीं हा सारा वाद, त्या चाळीस लाखांना त्यांत मत नव्हतें. त्यांच्या वतीनें त्या दिवशीं अध्यक्षाच्या खोलींत एकच मनुष्य बोलला.

२३ तारखेस लिंकननें एक कागद लिहिला, घडी करून डकविला, आणि आंत काय आहे हें न दाखवितां मंत्र्यांच्या सह्या पाठीवर घेतल्या. आपण निवडून येण्याचा संभव फार थोडा आहे. तसें झाल्यास नव्या अध्यक्षाशीं सहकार्य करून त्याचा अधिकारग्रहणाचा दिवस येण्याआधींच संघराज्य वांचविणें हें आपलें कर्तव्य ठरेल, कारण ज्या भूमिकेवर तो निवडून येईल तिच्यामुळें नंतर त्याला तें वांचवितां येणार नाहीं, असा त्यांतील आशय होता. दुसऱ्या दिवशीं रेमंडच्या सूचनेप्रमाणें तहाच्या बोलण्याचा अधिकारलेखही त्यानें लिहून पाहिला. पण २५ तारखेस तो बेत सोडला. निवडणूक हरण्यापेक्षां ही शरणागति वाईट, असें त्यानें व तीन मंत्र्यांनीं रेमंडला पटविलें.

शांततेच्या या हालचालींशीं ज्यांचा नफानुकसानीचा संबंध होता ते सर्व अमेरिकेंतच होते असें मात्र नव्हे. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजराथ व धारवाड येथील कापसाचे गठ्ठे मुंबईच्या बंदरांतून सोन्याच्या भावानें जाऊं लागले. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि शेअरांचें वेड प्रेमचंद रायचंदांपासून सामान्य गृहस्थापर्यंत पसरलें. १८६५ च्या एप्रिलांत दक्षिणेचा सेनापति ली शरण आला आणि त्याच वर्षाच्या १ जुलैला मुंबईचा बाजार कोसळला. काळ्या माणसाची सुटका आणि आपल्या व्यापाऱ्याची तेजी एकाच युद्धाच्या पोटीं जन्मलीं होतीं. पण त्या युद्धाचा दुसरा अर्थ ओळखणारेही येथें होते. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें.

असो. २९ ऑगस्टला डेमोक्रॅटांची सभा शिकागोस भरली, आणि तेथें त्या पक्षानें असा एक घोटाळा करून ठेवला कीं त्याला तोड मिळणें कठीण. अध्यक्षपदासाठीं त्यांनीं जनरल मॅक्लेलन निवडला. हा युद्धवादी तटाचा, एके काळचा उत्तरेचा मुख्य सेनापति आणि सैनिकांचा लाडका. पण उपाध्यक्षपदासाठीं निवडला शांततावादी पेंडलटन. आणि जाहीरनाम्यांतील मुख्य ठराव लिहिला व्हॅलँडिगहॅमनें. युद्धाचा प्रयोग चार वर्षांत फसला, सबब ताबडतोब शस्त्रसंधीचा यत्न करावा, असा तो ठराव. घोडेस्वार एका दिशेचा आणि घोडा दुसऱ्या दिशेचा! मॅक्लेलननें आठवडाभर विचार करून ८ सप्टेंबरला उत्तर दिलें कीं, संघराज्य ही तहाची पहिली अट राहील, आणि युद्ध व्यर्थ होतें असें आपल्या जुन्या सैनिकांच्या तोंडाकडे पाहून आपल्याला सांगवणार नाहीं. हें उत्तर प्रामाणिक होतें. परंतु त्यांतही गुलामगिरीचा शब्द नव्हता, आणि शांततावाद्यांचा खरा दोष मला येथें दिसतो. युद्ध थांबवा म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तें कोणाच्या जिवावर थांबणार, हें मात्र त्यांनीं कधीं तोंडांतून काढलें नाहीं.

तोंवर वादाचा निकाल दुसरीकडे लागला होता. शिकागोची सभा संपून दोनच दिवस झाले होते, तोंच २ सप्टेंबरला शर्मनचें सैन्य अटलांटांत शिरलें. पुढें शेरिडननें शेनान्डोआ खोऱ्यांत जय मिळविले. युद्ध फसलें म्हणणारा ठराव लोकांच्या हातीं पडला तो विजयाच्या तोफांच्या आवाजांतच. युक्तिवादानें लिंकन जिंकला असें म्हणणें धाडसाचें होईल; अटलांटा महिनाभर अधिक टिकतें तर आज त्याच्या नांवाला कोणता अर्थ चिकटला असता, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

८ नोव्हेंबरला मतदान झालें. लिंकनला सुमारें २२ लाख आणि मॅक्लेलनला सुमारें १८ लाख मतें पडलीं. निर्वाचक मतें २१२ विरुद्ध २१. न्यूयॉर्क संस्थानांत सात लाखांवर मतांत सात हजारांचाही फरक नव्हता. सर्वांत आश्चर्य सैनिकांचें. ज्यांचीं मतें वेगळीं मोजलीं गेलीं त्यांतील जवळजवळ पांचांपैकीं चारांनीं, आपल्या लाडक्या सेनापतीला सोडून, आपल्याला आणखी लढावयास लावणाऱ्याला मत दिलें. ११ तारखेस लिंकननें तो डकविलेला कागद मंत्र्यांपुढें उघडला आणि सांगितलें कीं, हरलों असतों तर मॅक्लेलनकडे जाऊन, दोघे मिळून देश वांचवूं या, असें म्हणालों असतों. परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाला, जनरलनें हो हो म्हटलें असतें, दुसऱ्या दिवशींही हो हो म्हटलें असतें, आणि केलें कांहींच नसतें. निदान माझें कर्तव्य तरी मीं केलें असतें, असें लिंकननें उत्तर दिलें.

गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती जूनमध्यें प्रतिनिधिसभेंत दोनतृतीयांश मतांअभावीं पडली होती. निवडणुकीनंतर नव्या सभेची वाट न पाहतां लिंकननें ती त्याच जुन्या सभेपुढें पुन्हा आणविली. ३१ जानेवारी १८६५ रोजीं ती ११९ विरुद्ध ५६ मतांनीं मंजूर झाली. जूनमध्यें विरुद्ध गेलेले कांहीं डेमोक्रॅट या वेळीं बाजूनें आले. वॉशिंग्टनांत तोफा झाल्या, लोक एकमेकांस मिठ्या मारीत होते. डग्लस स्वतः तेथें नव्हता. त्याचा मुलगा चार्ल्स होता, आणि त्या दिवसाची हकीकत त्यानें बापाला पत्रानें कळविली.